मॅडमच्या बदलीचे गाऱ्हाणे

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पेडण्याच्या बाजूच्या एका किनारी गावातल्या देवळात, तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीशांची बदली व्हावी म्हणून देवाला गाऱ्हाणे घालण्यात आले. गावकरी, पंचायतीचे दोन पंच, आमदारांचे स्वीय सहायक आणि मी असे उपस्थित होतो. मी निमंत्रणावरून गेलो होतो. आदल्या संध्याकाळी वृत्तपत्रांच्या कार्यालयांत प्रसिद्धिपत्रक आले होते : 'गावावरील विघ्न दूर व्हावे यासाठी सामूहिक गाऱ्हाणे. आपला प्रतिनिधी पाठवावा. अल्पोपाहाराची सोय आहे.'

डिचोली आणि पेडणे या दोन तालुक्यांची कोर्टे हे माझे बातमीदारीचे क्षेत्र होते. यंदा निवृत्त झालो. कोर्टावरच्या राजकीय दबावाविषयी नोकरीत पुष्कळ ऐकले, छापण्याजोगे फार थोडे हाती लागले. तो दबाव ज्याने आणला त्याच्याच माणसांनी लाऊडस्पीकरवरून, देवासमोर, मुद्देसूद सांगितला असे एकदाच घडले. गावाचे, आमदारांचे आणि न्यायाधीशांचे नाव लिहीत नाही. आमदारांना त्यांची माणसे 'भाई' म्हणतात, इथेही तेच ठेवतो. न्यायाधीश महिला होत्या. कोर्टात त्यांना सगळे 'मॅडम' म्हणत.

ज्यांचा कोर्टाशी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कोर्टाचा बातमीदार शेवटच्या बाकावर बसतो. उघड्या कोर्टात जे बोलले जाते ते टिपतो आणि हुकमाची प्रत मिळेपर्यंत थांबतो. वकील बाहेर व्हरांड्यात जे सांगतो ते छापायचे नसते, दोन्ही बाजूंचे वकील तेच सांगत असले तरी. न्यायाधीश बातमीदाराशी बोलत नाहीत. जे बोलतात, त्यांच्यापासून लांब राहावे. दिवसाचा मोठा भाग 'पुढची तारीख' हे दोन शब्द ऐकण्यात जातो.

आणखी एक गोष्ट. न्यायाधीशाची बदली आमदार करू शकत नाही, मंत्रीही करू शकत नाही. ते काम उच्च न्यायालयाचे. दर उन्हाळ्यात यादी निघते आणि ज्यांची मुदत भरली ते दुसऱ्या तालुक्यात जातात. ही व्यवस्था अगदी सरळ आहे आणि आमच्या भागात तिच्यावर कोणाचाही विश्वास नाही. मात्र कोर्टाची इमारत सरकारची असते. पंखे, जनरेटर, जिना सरकारचा. हुकूम बजावताना लागणारे पोलीसही सरकारचे. न्यायाधीशाला फोन करणारा पुढारी मी कधी पाहिला नाही. तेवढा धीर त्यांच्यात नसतो. न्यायाधीशाने सही केलेला कागद पुढे ज्यांच्या हातात जातो, त्यांना फोन होतात. तो दबाव बाहेरून पाहिला तर रजेचा अर्ज, स्टाफची कमतरता किंवा दुरुस्तीचे काम यांसारखा दिसतो.

पूर्वी त्यात थोडी मर्दुमकी तरी असे. डिचोलीत खाणी जोरात होत्या तेव्हा एका गावच्या शेतकऱ्यांनी डंपरच्या धुळीविरुद्ध दावा लावला होता. सुनावणीच्या दिवशी तिथल्या पुढाऱ्याने डंपरवाल्यांना गाड्यांत भरून कोर्टात आणले. बाक भरले, भिंतीला लागून माणसे उभी राहिली, दारातून वाट उरली नाही. त्या वेळचे न्यायाधीश वयस्कर होते. त्यांनी चष्म्यावरून गर्दीकडे पाहिले आणि शिरस्तेदाराला म्हणाले, "कोर्ट सर्वांसाठी खुले आहे. कोणाला बाहेर काढू नका. फक्त फोन बंद करायला सांगा." मग त्यांनी डंपरचा दावा बाजूला ठेवून एका जुन्या वाटणीच्या दाव्यातल्या जमिनींच्या चतुःसीमा मोठ्याने वाचून घ्यायला सुरुवात केली. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, दक्षिणेस ओहोळ. जेवणाच्या सुट्टीपर्यंत निम्मे डंपरवाले गेले. चहाच्या वेळी उरलेल्यांपैकी दोघे झोपले होते. तेव्हा न्यायाधीशांनी डंपरचा दावा पुकारायला सांगितला. पुढारी स्वतः आलाच नव्हता.

आता हे असे कोणी करत नाही. आता जिने खणतात.

मॅडमच्या कोर्टातला दावा सुलोचनाचा होता. सुलोचना मूळची पार्सेची, लग्न होऊन या किनारी गावात आलेली, वय साठीच्या आसपास. नवरा दत्ताराम पाडेली, म्हणजे माडांवर चढून नारळ उतरवणारा. दोन वर्षांपूर्वी त्याची उजवी बाजू लुळी पडली. त्यांचे घर एका माडांच्या बागायतीच्या मागे आहे. दत्तारामच्या आज्यापासून घरची माणसे बागायतीतल्या वाटेने रस्त्यावर जात. बागायत विकली गेली, एका कंपनीने हॉटेलसाठी घेतली आणि चिऱ्यांची भिंत घातली. भिंतीने वाट बुजली. उरला तो मागच्या शेताचा बांध. दत्तारामला व्यायामोपचारासाठी आरोग्य केंद्रात न्यायचे असले की शेजारचे दोघे त्याला प्लास्टिकच्या कदेलवर बसवून, म्हणजे खुर्चीवर बसवून, खांद्यावरच्या बांबूंना ती बांधून बांधावरून नेत. पावसात दोनदा तो कदेलसकट चिखलात पडला. त्यानंतर त्याने जायचे नाकारले. डॉक्टरांनी सुलोचनाला सांगितले की उपचार थांबले तर हात कायमचा जाईल.

सुलोचना आधी भाईंकडे गेली होती. भाई म्हणाले, "बायो, गावात प्रकल्प येता. तुज्या नातवांक नोकरे मेळतले." तिला नातू नाही. मग ती वकिलाकडे गेली.

दावा साधा होता : वहिवाटीची वाट आमच्या हक्काची आहे, ती मोकळी करून द्या. निकाल लागेपर्यंत तात्पुरता हुकूम मागितला होता. त्या सुनावणीला मी होतो. कंपनीचे वकील पणजीहून आले होते.

"वादीला पर्यायी वाट उपलब्ध आहे," ते म्हणाले.

"कुठून?" मॅडमनी विचारले.

"शेताच्या बांधावरून."

"बांध किती रुंद आहे?"

वकिलांनी मागे वळून कंपनीच्या माणसाला विचारले. "एका माणसाला चालण्यापुरता, मॅडम."

"आणि ज्याला चालता येत नाही त्याच्यापुरता?"

वकील म्हणाले, यावर अशिलाकडून सूचना घ्याव्या लागतील. हुकूम झाला : रिक्षा जाईल एवढी वाट निकालापर्यंत मोकळी करावी, भिंतीचा तेवढा भाग काढावा. कंपनी जिल्हा न्यायालयात गेली, तिथे स्थगिती मिळाली नाही. बातमी आतल्या पानावर एका स्तंभात गेली. एवढ्या बातमीची तेवढीच जागा.

पुढचे सगळे या हुकमाच्या बजावणीचे आहे.

हुकूम बजावायला कोर्टाचा बेलीफ जातो. भिंत पाडायची असेल तर पोलीस सोबत लागतात. बेलीफ नामदेव तीन वेळा गेला आणि तीन वेळा परत आला. पहिल्यांदा वटपौर्णिमेचा बंदोबस्त होता, म्हणजे वडाला सूत गुंडाळणाऱ्या बायकांचे रक्षण चालले होते. दुसऱ्यांदा मांद्रेत भाईंच्या हस्ते वह्यावाटप होते आणि सगळा स्टाफ वह्यांवर लक्ष ठेवून होता. तिसऱ्यांदा भाईंचा वाढदिवस होता. नामदेव चिऱ्यांच्या भिंतीसमोर छत्री धरून उभा राहिला. कंपनीच्या रखवालदाराने त्याला चहा दिला.

"पोलीस येवंचे नाय ता तुका ठावक होता," रखवालदार म्हणाला.

"माका ठावक असान काय उपेग? कोर्टाक ठावक होवक व्हया," नामदेव म्हणाला, आणि तसा अहवाल त्याने दिला.

याच सुमारास कोर्टाचा जिना दुरुस्तीला निघाला. कोर्ट वरच्या मजल्यावर आहे. जिन्याला काही झालेले नव्हते. एका सकाळी कामगारांनी पायऱ्यांच्या लाद्या उचकटल्या आणि ते निघून गेले. मागच्या बाजूला गंजलेला गोल लोखंडी जिना होता, तो उरला. म्हातारे पक्षकार खालीच बसू लागले. मॅडम खाली उतरून, पार्किंगमध्ये खुर्ची टाकून, त्यांच्या साक्षी घेऊ लागल्या. मग भाईंच्या महिला मंडळाकडून 'नारीशक्ती सन्मान' सोहळ्याचे निमंत्रण आले. शाल, श्रीफळ, प्रमुख पाहुणे भाई. मॅडमनी ते शिरस्तेदारांकरवी परत पाठवले. वर एक ओळ होती : कोर्टाच्या कामाशी संबंध नाही.

त्यानंतर मॅडमनी पोलीस निरीक्षकांकडून प्रतिज्ञापत्र मागितले : तीन वेळा बंदोबस्त का दिला नाही ते शपथेवर सांगा. निरीक्षकांनी लिहून दिले की मनुष्यबळ उपलब्ध नव्हते, कोणाचीही सूचना नव्हती. त्यावर सुनावणीची तारीख पडली. त्या तारखेच्या आधीच्या आठवड्यात गाऱ्हाणे झाले.

गाऱ्हाणे म्हणजे काय ते आमच्याकडच्या वाचकांना सांगायला नको, पण हा दिवाळी अंक घाटावरही जातो. संकट आले की गाव देवळात जमतो. मानाचा गावकर देवासमोर नारळ ठेवून मोठ्या आवाजात संकट सांगतो आणि ते दूर कर म्हणतो. प्रत्येक वाक्याला जमलेले लोक 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार देतात. नियम दोन. देवाला अर्धवट सांगायचे नाही, कारण देव सांगितले तेवढ्याचेच करतो. आणि गाऱ्हाणे मध्ये तोडायचे नाही. तुटले तर पहिल्यापासून पुन्हा घालावे लागते.

त्या गावचे गाऱ्हाणे बाबुसो घालतो. सत्तरीचा माणूस, सोवळ्यात, आवाज खणखणीत. भाईंच्या बाजूने कार्यक्रम सगुण नावाच्या पंचाने ठरवला होता. सगुणचा हॉटेलसाठी चिरे पुरवण्याचा धंदा आहे. देवळाच्या चौकात मी बाकावर बसलो होतो, तिथून दोघांचे बोलणे ऐकू येत होते.

"कोर्टाचा विघ्न दूर कर, एवढाच म्हण," सगुण म्हणाला.

"खयचा कोर्ट? कसला विघ्न?"

"अरे बाबुसो, सगळ्यांक म्हायत आसा."

"सगळ्यांक आसात. देवाक कोणी सांगला? मागे सुरेशान नुसता 'लग्न जमू दे' म्हणान सांगला. जमला. पण कोणाचा ता सांगूक नाय. भावाचा जमला."

सगुण हसला. मग त्याला बाजूला घेऊन त्याने सगळे सांगितले. बाबुसो मान हलवत ऐकत होता. मध्ये एकदा त्याने विचारले, "तीन खेप?" सगुण म्हणाला, "तीन."

आमदारांचे स्वीय सहायक भाईंच्या फेसबुक पानावर थेट प्रक्षेपण करत होते. लाऊडस्पीकर लागला. बाबुसोने नारळ ठेवला, उपरणे सावरले आणि सुरुवात केली.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा, आज हो गाव तुज्या पायाकडे जमलो आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"गावात हाटेल येवचा आसा, तेच्या आड कोर्टाचो कागद इलो आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"तो कागद पाळूचो लागू नये म्हणान भाईंनी पोलिसांक सांगान ठेवल्यानी, बेलीफ इलो तर तुमी चौकीतच बसा. तसे ते तीन खेप बसले!"

लोकांनी सवयीने 'व्हय म्हाराजा' म्हटले. सगुणने म्हटले नाही. तो पुढे झाला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाबुसो, ता नको..."

बाबुसो थांबला. त्याने सगुणकडे पाहिले. देवळात त्या क्षणी इतका राग मी दुसऱ्या कोणाच्या तोंडावर पाहिला नाही. "तोडलंस?" तो म्हणाला. "मोडला तू गाऱ्हाणा." त्याने नारळ उचलून पुन्हा ठेवला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. गाव जमल्याचे सांगून झाले, हॉटेलचे झाले, पोलिसांचे दुसऱ्यांदा झाले. सगुण आता काही करू शकत नव्हता. बाबुसो पुढे गेला.

"कोर्टाचो जिनो खणून घातलो, मॅडम थकतली म्हणान. तरी ती थकाक नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"तिका शालजोडी देवक गेले, ती घेवक नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"तिची बदली करा म्हणान भाईंनी वर शब्द टाकलो. वरसून जबाब नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"माणसाच्या हातान जा होवचा ता सगळा केला. आता रवला ता तुज्या हातात. त्या बायेक खय तरी बऱ्या जाग्यार घाल, तिच्या पोराबाळांक सुखी ठेव, पण हयसून काढ! आणि मधी सगुण पंच आडवो इलो, तेचो दोष गावार घेव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

स्वीय सहायकांनी प्रक्षेपण शेवटपर्यंत चालू ठेवले होते. ते मूळचे दुसरीकडचे, पणजीत वाढलेले, त्यांना बोली नीट कळत नव्हती. शेवटी त्यांनी कॅमेऱ्यात पाहून 'जय हो' म्हटले. अल्पोपाहाराला पातळभाजी आणि पाव होते. सगुण जेवला नाही.

आमच्या दैनिकाने गाऱ्हाणे जसेच्या तसे छापले. माझे वाक्य त्यात एकच होते, गाऱ्हाणे कुठे आणि कधी झाले ते सांगणारे. संपादकांनी आधी वकिलाला विचारले. वकील म्हणाले, त्यांच्याच पानावर आहे ते छापायला काय हरकत. भाईंच्या पानावरून ती फीत दुपारी काढली गेली, तोवर ती दोन्ही तालुक्यांतल्या बहुतेक फोनवर पोहोचली होती. भाईंनी पत्रकार परिषद घेतली. "हा श्रद्धेचा विषय आहे. कोर्टाने श्रद्धेत हस्तक्षेप करू नये," असे ते म्हणाले. कोर्टाने काहीच केले नव्हते. "बाबुसो वयस्कर आहेत, त्यांचा गोंधळ होतो," असेही म्हणाले.

मी बाबुसोकडे प्रतिक्रियेसाठी गेलो. तो अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होता.

"भाई म्हणतात, तुमचा गोंधळ झाला."

"म्हणजे देवाक खोटा सांगलंय?" त्याने सुपारी खाली ठेवली. "तेंका सांगा, संशय आसल्यार परत घालतंय. ह्या खेपेक भाईंनी फुडे उबे रवान 'व्हय म्हाराजा' म्हणूचा."

हे भाईंना कळवले. दुसरे गाऱ्हाणे झाले नाही.

कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये दोन दिवस दुसरा विषय नव्हता. देवळातल्या प्रार्थनेने कोर्टाचा अवमान होतो का, यावर वकील मिरची-पाव खात भांडत होते.

"भक्त आणि देव यांचं बोलणं गोपनीय. वकील आणि अशील यांच्यासारखं," एक ज्येष्ठ वकील म्हणाले.

"लाऊडस्पीकरवरून?" दुसऱ्याने विचारले.

"मग देवालाच साक्षीला बोलवा."

"समन्स कोण बजावणार? पोलीस नाहीत."

तारखेच्या दिवशी मॅडम लोखंडी जिन्याने वर आल्या. सुलोचनाच्या वकिलाने गाऱ्हाण्याची फीत आणि लिखित प्रत पुढे केली. मॅडमनी ती बाजूला ठेवली. "देवापुढे कोणी काय मागितले याची दखल हे कोर्ट घेत नाही," त्या म्हणाल्या. "पोलिसांनी शपथेवर काय लिहिले याची घेते. निरीक्षक हजर आहेत?"

निरीक्षक हजर होते. त्यांना पिंजऱ्यात बोलावून शपथ देण्यात आली. मॅडमनी त्यांना एकच प्रश्न विचारला : "बंदोबस्त देऊ नका असे तुम्हाला कोणी सांगितले होते का? आधीच्या प्रतिज्ञापत्राचा विचार करू नका. आता सांगा."

निरीक्षकांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग ते म्हणाले, "मॅडम, बंदोबस्त उद्या सकाळी देतो."

"हे माझ्या प्रश्नाचे उत्तर नाही."

"होय, मॅडम."

मॅडमनी प्रश्न आणि त्यापुढे निरीक्षकांचे हेच शब्द नोंदवायला सांगितले. दुसऱ्या दिवशी नामदेव पोलिसांना घेऊन गेला. रखवालदार या वेळी चहा द्यायला विसरला. दुपारपर्यंत भिंतीतून रिक्षा जाईल एवढी वाट निघाली. त्या आठवड्यात दत्ताराम दारातून रिक्षात बसून आरोग्य केंद्रात गेला. सगुणने पुरवलेले चिरे सगुणच्याच टेम्पोतून परत गेले. निरीक्षकांवर काय कारवाई झाली याची माहिती अधिकृतपणे मिळाली नाही. जिन्याच्या लाद्या चतुर्थीनंतर बसवल्या गेल्या.

इथे थांबलो असतो तर दिवाळी अंकाला शोभेल असा शेवट झाला असता.

यंदा मे महिन्यात उच्च न्यायालयाची बदल्यांची यादी निघाली. तीत मॅडमचे नाव होते. त्यांची मुदत पुरी झाली होती. त्यांच्याबरोबर रुजू झालेल्या सगळ्यांची नावे त्याच यादीत होती. त्या जाणार हे कॅन्टीनवाल्यालासुद्धा आधीपासून माहीत होते, त्याने त्यांच्या डब्याचा हिशेब त्या बेताने ठेवला होता. मी बातमीत तसे लिहिले : नियमित बदल्या. एका दुसऱ्या दैनिकाने मथळा दिला, 'बदलीमागे भाईंचा हात?' आमच्या डेस्कवरच्या एकाला तो आवडला आणि आमच्या आवृत्तीतही माझ्या बातमीवर तसलेच प्रश्नचिन्ह चढले. प्रश्नचिन्ह हे आमच्या धंद्यातले सर्वांत भित्रे हत्यार आहे. वार करायचा आणि हात मागे घ्यायचा.

भाईंनी त्या मथळ्याचा इन्कार केला नाही. जे काम करण्याचा त्यांना अधिकार नव्हता, जे त्यांनी मागून मिळाले नव्हते, जे त्यांच्याशिवाय ठरल्या वेळी झाले, त्याचे श्रेय त्यांनी मंद हसून घेतले. देवळात नारळ फुटला. बाबुसोला बोलावले नव्हते. सगुण पेढे घेऊन गावभर फिरला आणि सुलोचनाच्या दारातही गेला.

"सुलोचनाबाय, ती मॅडम गेली. भाईंनी उडवली," तो म्हणाला. "आता येतली ती भाईंची. बरा आसा तोवर मिटवून घे."

येणाऱ्या न्यायाधीशांनी भाईंना कधी पाहिले नव्हते, त्या दक्षिण गोव्यातून आल्या होत्या. तडजोडीची बोलणी चालू असल्याचे कळले तेव्हा मी सुलोचनाकडे गेलो. बदल्यांची यादी सोबत नेली होती. ती ओट्यावर दत्तारामचा हात चोळत बसली होती. तो आता मूठ मिटू शकत होता. मी तिला यादीतली सगळी नावे दाखवली, दर वर्षी अशी यादी येते ते सांगितले.

"भाऊ, तुमी सांगतात ता खरा आसतला," ती म्हणाली. "पण तुमच्याच पेपरात वयर लिवला, भाईंचो हात."

"खाली लिहिले आहे, नियमित बदली."

"खालचा कोण वाचता?"

दत्ताराम म्हणाला, "नवी बाई कशी आसा?"

"कोणाची नाही. नुसती न्यायाधीश."

"ती मॅडमय तशीच होती," तो म्हणाला. "गेली मगे."

"ती गेली ती मुदत संपून."

"तुमचो पेपर फाल्या सकाळी दुसरा छापतलो," सुलोचना म्हणाली. "भाई हयच आसत. रोज ह्याच रस्त्यान जातत."

तिच्या वकिलाने तिला लढ म्हणून सांगितले होते. इतर काही वकील आपापल्या पक्षकारांना निराळे सांगू लागले होते. व्हरांड्यात ते एकच वाक्य मी त्या महिन्यात वेगवेगळ्या तोंडून ऐकले : त्या मॅडमचं काय झालं पाहिलंत ना? हे व्हरांड्यातले बोलणे असल्यामुळे तेव्हा छापले नाही.

तडजोडीचा अर्ज जुलैत दाखल झाला. वाट बागायतीतून राहील. मात्र तिचा वापर हा वादीचा हक्क नसून कंपनीने दिलेली परवानगी आहे, असे वादी मान्य करते. वाटेच्या तोंडाशी कंपनीने बसवलेले फाटक राहील. वादी दावा मागे घेते. साक्षीदार म्हणून एक सही सगुणची होती.

नव्या न्यायाधीशांनी अर्ज संपूर्ण वाचला. मग त्यांनी सुलोचनाला पुढे बोलावले आणि हक्क आणि परवानगी यांतला फरक साध्या भाषेत समजावून सांगितला. परवानगी काढून घेता येते, हेही सांगितले. समजले का, असे दोनदा विचारले.

"समाजला," सुलोचना म्हणाली.

"हे तुम्ही स्वखुशीने करता आहात?"

"व्हय."

"कोणाचा दबाव आहे का? असेल तर इथे सांगा. मी अर्ज मंजूर करणार नाही."

सुलोचनाने मागे वळून पाहिले नाही. सगुण मागच्या बाकावर होता.

"दबाव कोणाचोच नाय," ती म्हणाली.

तशी नोंद झाली. अर्ज मंजूर झाला, दावा निकाली निघाला. सुलोचना आणि खाली थांबलेला दत्ताराम कोर्टाखालून रिक्षा करून निघाले. गावात बागायतीपाशी रिक्षा थांबली, रिक्षावाल्याने भोंगा वाजवला आणि रखवालदाराने फाटक उघडले.